सहा महिन्यांनंतरही बोलणं सुधारतं

पक्षाघातानंतरच्या बोलण्याबद्दल एक मेसेज सारखा फिरतो: 'सहा महिन्यांत जेवढं बोलणं परत आलं तेवढंच, पुढची स्पीच थेरपी वाया. पेशंटला फारसं कळतही नाही. त्याला बोलायला लावून दमवू नका, त्याच्या वतीनं तुम्हीच बोला.' लोक काळजीपोटीच तो पुढे पाठवतात, पण त्यामुळे बोलू शकणारी माणसं गप्प होतात.

आधी सहा महिन्यांचं. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगानं होते, एवढं खरं. पण 2017 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जर्मनीतल्या चाचणीत 156 जण होते आणि सगळ्यांच्याच पक्षाघाताला सहा महिने उलटून गेले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी झाल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. थेरपीची वाट पाहत थांबलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. सगळं पूर्ववत होतं असं कुणीच म्हणत नाही. पण आठवड्याला अर्धा तास थेरपी घ्यायची आणि गुण नाही म्हणून ती सोडायची, हे अर्धवट औषध घेऊन औषधाला दोष देण्यासारखं आहे.

'कळत नाही' हे सरसकट म्हणणं चूक आहे. अफेजियात, म्हणजे वाचाघातात, भाषा बिघडते; बुद्धी गेली असा त्याचा अर्थ नाही. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 साली ज्या रुग्णाचं वर्णन केलं, त्याच्या तोंडून जवळजवळ 'टान' एवढंच निघे. पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं समजे आणि आकडे तो बोटांनी दाखवी. काहींना ऐकलेलं समजायला खरोखर जड जातं, पण आपल्याबद्दलचे निर्णय परस्पर घेतले जाताहेत हे त्यांनाही जाणवतं.

'तुम्हीच बोला' हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. टोरांटोतल्या एका अभ्यासात, 2001 साली, संवादाचं प्रशिक्षण दिलं ते अफेजिया असलेल्यांना नाही, त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना. तरी संवादातला सहभाग रुग्णांचाही वाढला! ही तंत्रं घरी शिकता येतात: छोटी वाक्यं, एका वेळी एकच विषय, मुख्य शब्द कागदावर लिहून दाखवणं, हो-नाही असे प्रश्न, चित्रं, हातवारे. समजलं ते पुन्हा विचारून खात्री करणं. आणि उत्तरासाठी थांबणं. आपल्याला नकोसं वाटेल इतका वेळ थांबणं.