एनव्हिडिया कार्ड आणि फ्रीसिंक मॉनिटर : खुलासा

सध्या फिरणारा मेसेज असा : ‘एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर जी-सिंकचाच महागडा मॉनिटर घ्या. फ्रीसिंक फक्त एएमडीवर चालतं, नाहीतर गेममध्ये चित्र फाटणारच.’

जी-सिंक हे एनव्हिडियाचं आणि फ्रीसिंक हे तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचं तंत्र. कार्ड बनवतं त्या चित्रांचा (फ्रेमचा) आणि पडद्याचा वेग दोन्ही जुळवतात; तो जुळला नाही तर चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. 2018 पर्यंत मेसेजमधलं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं. पण जानेवारी 2019 मध्ये आलेल्या 417.71 या ड्रायव्हरपासून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) खुद्द एनव्हिडियानेच हे दार उघडलं. जीटीएक्स 10 मालिका किंवा त्यानंतरचं कार्ड असेल, तर फ्रीसिंकच्या बहुतेक मॉनिटरवर कार्डाच्या फ्रेम आणि पडद्याचा वेग जुळवता येतो. मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडा, त्याच्या मेनूत फ्रीसिंक चालू करा आणि मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक. पर्याय तिथे दिसतो, स्वतः पाहून घ्या.

मात्र सगळेच मॉनिटर सारखे नाहीत. तेव्हा कंपनीने तपासलेल्या 400 पैकी फक्त 12 तिच्या कसोटीला उतरले होते. यादी नंतर बरीच वाढली. विकत घेण्याआधी आपलं मॉडेल त्यात शोधावं. यादीत नसलेल्यावरही ते चालू करता येतं, फक्त कधीकधी पडदा लुकलुकतो.

आणखी एक. 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर आणूनही विंडोजमध्ये तो 60 वरच राहिलेला असतो, आणि बोल लागतो बिचाऱ्या कार्डाला! डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा बदला : दर 16.7 ऐवजी 6.9 मिलिसेकंदांनी नवं चित्र येईल.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.