ए-स्टार, कोल्हा आणि दादाची नवी गाडी

दसऱ्याला सकाळी सोलापूरहून घरच्या ग्रुपवर फोटो आला. पांढरी स्विफ्ट, बॉनेटवर झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबं आणि स्टिअरिंगमागे माझा भाचा. शेजारच्या सीटवर वहिनी. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं लांबत आलेली दादाची गाडी एकदाची दारात लागली. सगळ्यांनी अंगठे, हार, पेढे पाठवले. मी विचारलं, "लिंबं कोणी चिरडली?"

"त्यानंच की," दादा. "सात रस्त्यापर्यंत जाऊन आला. लई भारी चालवतो."

भाच्याला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने होते. वाढदिवस बरोबर जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास येतो.

त्याच आठवड्यात मी इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, माझ्या सतरा वर्षांच्या लेकीसाठी गाडी शोधत होते. खरं तर गाडी नव्हे, विमा शोधत होते. इथे सतराव्या वर्षी परवाना मिळतो, पण पोराची पहिली गाडी कोणती, ते आईबाप ठरवत नाहीत आणि पोरगंही ठरवत नाही. ते विमा कंपनी ठरवते. लेकीला 'मिनी' नावाची गाडी हवी होती. विम्याच्या वेबसाइटवर त्या गाडीचा नंबर टाकला तर वर्षाचा हप्ता आला 3,100 पौंड. गाडीच 4,000 ची! मग तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसायचो आणि वेगवेगळ्या गाड्यांचे नंबर घालून आकडे बघायचो. इथे वर्षानुवर्षं प्रत्येक मॉडेलला 1 ते 50 असा विम्याचा गट दिला जात आला आहे. एक म्हणजे स्वस्तात मस्त, पन्नास म्हणजे श्रीमंतांचं काम. नवख्या पोरांनी पहिल्या तीन-चार गटांच्या वर बघायचंच नाही. इंजिन एक लिटरचं, गाडीला काही जोडकाम केलेलं नको, रंगीबेरंगी अलॉय नकोत.

शेवटी मिळाली ती 2011 ची सुझुकी अल्टो. 1,800 पौंडांना. कागद बघितले आणि मला हसू आलं. ही अल्टो मानेसरला बनलेली. आपल्याकडे हीच गाडी ए-स्टार म्हणून विकली जायची, जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकांकडे होती. सात समुद्र ओलांडून आले आणि लेकीला दिली ती शेजारच्या काकांची गाडी.

विमा 1,640 पौंड. रुपयांत पावणेदोन लाखांच्या पुढे. तोही माझं नाव 'दुसरा ड्रायव्हर' म्हणून जोडल्यावर, कारण पंधरा वर्षं विनादावा चालवणारी बाई शेजारी आहे म्हटलं की कंपनी जरा मऊ होते. उलटं मात्र करायचं नाही. गाडी माझी, मीच चालवते असं सांगून पोरीला नुसती जोडायची, ही युक्ती आपल्याला लगेच सुचते, पण इथे ती सरळ फसवणूक धरतात. आणखी एक गंमत. मला वाटलं होतं, फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा, घेतलं तर स्वस्त पडेल. उलट ते महाग निघालं! फक्त थर्ड पार्टी घेणारे जास्त धडकतात, असा कंपन्यांचा अनुभव म्हणे. आणि मुली मुलांपेक्षा कमी आपटतात हे माहीत असूनही हप्त्यात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा युरोपातल्या न्यायालयाचा निकाल आहे. डिसेंबर 2012 पासून तसंच चालू आहे. समानतेचं मला कौतुकच आहे, पण बिल भरताना जरा कमी वाटलं.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसला. "अगं, आमच्याकडं असली कटकट नाही. पोरगा चालवो नाहीतर म्हातारा, दर एकच."

बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाकडे बघतो. 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्यावर 7,897. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून दादाने 10,640 अधिक जीएसटी भरला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा. त्यात गाडीची किंमत बघतात, वय बघतात, पुण्या-मुंबईच्या झोनमध्ये आहे की सोलापूरसारख्या दुसऱ्या झोनमध्ये तेही बघतात. चालवणारा कोण, हे त्या हिशेबात जवळपास कुठेच येत नाही. म्हणजे अठरा वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा मास्तर यांच्यात विम्याच्या लेखी फरक नाही.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शने दोघांना उडवलं आणि त्याला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर आग लागली होती. बापाला आत टाका, मुलाला मोठ्यांच्या कोर्टात उभा करा. सगळ्यात जोरात दादाच होता. कायदा तर 2019 पासून आहेच. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मी तोच मेसेज शोधून, दादाचाच, त्याला परत पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता मी काही साधूसंत नाही. पंधराव्या वर्षी बाबांची लूना घेऊन विजापूर रोडने आरटीओच्या समोरून क्लासला जायचे. आरटीओच्या समोरून! तेव्हा कुणी अडवलं नाही आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. 'पोरगी धीट आहे' एवढंच कौतुक.

म्हणून मला कायद्याच्या भीतीपेक्षा त्या हप्त्याचं जास्त वाटतं. कायदा अपघातानंतर येतो. हप्ता आधी येतो आणि घरातल्या प्रत्येकाला तोंडावर सांगतो, तुमचं लाडकं पोर धोक्याचं आहे. लेकीला मी शंभरदा सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. 3,100 चा आकडा बघून ती गप्प झाली. इथे पहिल्या दोन वर्षांत परवान्यावर सहा दोषगुण आले की परवाना रद्द, आणि विम्याशिवाय पकडलं तर 300 पौंड दंडाबरोबर सहा गुण एकदमच येतात. नवख्याला मग परत लर्निंगपासून सुरुवात. आपल्याकडे विमा नसेल तर पहिल्यांदा 2,000 दंड. दादाच्या गाडीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी 3,416. मग कोणाला काय परवडतं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण म्हणून इथली पद्धत उचलून सोलापुरात लावा, असं मी म्हणणार नाही. इथे पोस्टकोडवर हप्ता वाढतो, म्हणजे गरीब वस्तीत राहिलात तर जास्त. माझ्या कामावरच्या एका बाईच्या मुलाने गोदामातली रात्रपाळी सोडली, कारण रात्री बस नाही आणि विमा 2,600. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोराच्या गाडीचा थर्ड पार्टी असा चढवला, तर तो विमा काढणारच नाही. मग ज्याला उडवलं त्याचे हाल. आपला थर्ड पार्टी सगळ्यांना सारखा आणि स्वस्त आहे, माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, हे मला आपल्याकडचं शहाणपण वाटतं. ते राहू द्यावं. गाडीच्या नुकसानीच्या भागात मात्र चालवणाऱ्याचं वय यायला हवं, निदान पंचविशीखालच्यांसाठी. आणि जपून चालवणाऱ्याला सूट. किती किलोमीटर, कशी चालवली त्यावर हप्ता ठरवण्याची पॉलिसीला जोड (ॲड-ऑन) 2022 पासून आपल्याकडेही घेता येते. दादाच्या एजंटाने तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

त्यातही एक अडचण आहे, ती मला आमच्या अल्टोनेच शिकवली. लेकीच्या गाडीत काचेखाली एक काळी डबी बसवली आहे. ती वेग, वळण, ब्रेक, वेळ सगळं टिपते आणि मोबाइलवर गुण देते. एका रात्री पोरगी कामावरून येताना गुण 84 वरून एकदम 71. रडवेली होऊन घरात आली. "आई, कोल्हा मध्ये आला!" आपल्याकडे मांजर आडवं गेलं की काम बिघडतं, इथे कोल्हा आडवा गेला की हप्ता वाढतो. ही डबी आसरा चौकात संध्याकाळी सातला लावा. रिक्षा, म्हैस, उलट्या बाजूने येणारा दुधवाला आणि मध्येच थांबून गप्पा मारणारे दोन मोटारसायकलवाले. दादासारखा जपून चालवणारा माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी शून्यावर येईल. आपल्या रस्त्यांवर ब्रेक दाबणं हाच सभ्यपणा आहे, हे त्या डबीला आधी शिकवावं लागेल.

दिवाळीत दादाशी परत बोलणं झालं. म्हणाला, "काही झालंच तर विमा आहे की." मी म्हटलं, पॉलिसी काढ आणि गाडी कोणी चालवायची ती ओळ वाच. बराच वेळ कागदांची खसखस ऐकू आली. मग त्याने इंग्रजी ओळ अडखळत वाचली आणि स्वतःच मराठीत सांगितली, "वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती."

"त्याच्याकडे आहे का?"

"नाही. पण कंपनी देतेय की समोरच्याला."

"देते. कोर्ट सांगतं म्हणून समोरच्याला देते, आणि मग मालकाकडून वसूल करायला कंपनी मोकळी. मालक कोण?"

पलीकडून काहीच आवाज नाही. मग वहिनीने फोन घेतला. किल्ली आता तिच्याकडे आहे, शेंगाचटणीच्या बरणीमागे. जानेवारीत अठरा पूर्ण झाले की लर्निंग, मग निदान महिनाभर दादा शेजारी बसणार, मग पक्का परवाना. तोवर भाचा दर रविवारी गाडी धुतो, एवढंच. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, "अरे बाबा, चार दिवसांनी पाणी आलंय आणि हा बादल्या ओततोय!"