कपिलचे 175 आणि माझी चाळणी

चाळणी प्लास्टिकची आहे, पोपटी रंगाची. उत्तेजनार्थ. पहिलं बक्षीस थर्मास. तो पहिल्या मजल्यावरच्या सातवीतल्या पोराने नेला. त्याच्यावर माझा राग नाही, पोर आहे.

भांडुपच्या आमच्या इमारतीत गणपतीत प्रश्नमंजुषा असते. यंदाचा विषय होता 'क्रीडाजगत 1983'. मी दोन रात्री जागून घोकलं. टेनिसच्या फ्रेंच ओपनमध्ये, पॅरिसला, फ्रान्सच्या यानिक नोआने विलँडरला हरवलं, त्यानंतर आजतागायत एकाही फ्रेंच पुरुषाला ती स्पर्धा जिंकता आलेली नाही. विम्बल्डनला मॅकेन्रोने ख्रिस लुईसला लोळवलं. हेलसिंकीला अ‍ॅथलेटिक्सची पहिलीवहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे तीन सुवर्णं कार्ल लुईसची. हे दोन लुईस डोक्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसत होते म्हणून भिंतीवर कागद चिकटवला. अमेरिकेकडे 132 वर्षं असलेला शिडाच्या होड्यांचा कप ऑस्ट्रेलियाने नेला. आपल्या पदुकोणांना बॅडमिंटनमध्ये कांस्य. रणजी कर्नाटकने मुंबईकडून नेली, हेसुद्धा छातीवर दगड ठेवून पाठ केलं.

यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. दहापैकी नऊ प्रश्न क्रिकेटचे! मग 'क्रीडाजगत' कशाला लिहायचं?

तरी मी आणि ते पोर बरोबरीत आलो. शेवटचा प्रश्न : वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये भारताकडून सर्वाधिक धावा कोणाच्या?

पोर म्हणालं, "कपिल देव."

मी शांतपणे म्हणालो, "श्रीकांत. 38."

चिटणिसाने चिठ्ठी उलगडली. "कपिल देव, 175."

"अरे, ती खेळी झिम्बाब्वेविरुद्धची! फायनलला आपल्या सगळ्यांच्या मिळून 183 झाल्या. त्यातल्या 20 अवांतर. कपिलच्या 175 धर, बेरीज कर. 195 होतात! बाकीच्या नऊ-दहा जणांनी काय उणे 12 काढल्या? कपिलच्या 15 होत्या, 15! चिठ्ठी लिहिणाऱ्याने मध्ये सात घुसवलाय."

चिटणीस डगमगला होता. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा उठले. म्हणजे उठायला लागले. उठून होईपर्यंत मांडवात शांतता.

"175च," अण्णा म्हणाले. "मी स्वतः बघितलीय. टीव्हीवर. आमच्या खोलीत अख्खी चाळ जमली होती."

"अण्णा, त्या सामन्याचं चित्रीकरणच झालेलं नाही. जगात कुणाकडे नाही ते."

"आमच्याकडे होतं. 17 वर 5 गेले तेव्हा हिने देव पाण्यात ठेवले. कपिलच्या बॅटीवर लाल पट्टी होती, अजून डोळ्यांसमोर आहे."

"टीव्ही रंगीत होता?"

"ब्लॅक अँड व्हाइट. पण लाल कळत होतं."

"अहो अण्णा…"

"तुझा जन्म तरी झाला होता का?"

"चार वर्षांचा होतो."

"मग!"

या 'मग'वर टाळ्या पडल्या. टाळ्या! मी नोआचं, होडीचं, 132 वर्षांचं सांगायला लागलो, तर मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना काका, लहान मुलाशी कशाला भांडता, आरतीला उशीर होतोय." भांडत होतो अण्णांशी, बदनाम झालो पोराशी भांडणारा म्हणून. पाचशे एक रुपये वर्गणी घेतात, पण चिठ्ठी तपासून बघायला एक माणूस नाही. आणि ज्याचा आवाज मोठा, वय मोठं, त्याची बेरीज बरोबर. हे आमच्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्येही असंच चालतं, पाण्याच्या टाकीचा विषय आता काढत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चाळणी चांगलीय हं, रवा छान चाळला जातो." थर्मासबद्दल चकार शब्द नाही.

काल लिफ्टमध्ये अण्णा भेटले. मी मान फिरवून मजल्याचे आकडे बघत राहिलो. तिसरा आला, दार उघडलं. बाहेर पडता पडता अण्णा थांबले आणि हळूच म्हणाले, "तो तुझा नोआ रे… लांब केसांचा ना? बघितली होती ती मॅच."