रोज बोलायचो, पण काहीच कळलं नाही

चार वर्षं झाली, घरून काम करतेय. कंपनी पुण्याची आणि मी सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत. पुण्याचं भाडं वाचलं, आई-बाबांजवळ राहता आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट मनातून जात नाही.

आमच्या टीममधला एक जण नाशिकहून काम करतो. दीड वर्ष रोज सकाळी दहाला आम्ही एकाच कॉलवर. ‘माझं टेस्टिंग झालं, तुझं कुठवर आलं?’ एवढं बोलून कॉल बंद. एक दिवस त्याच्या रजेचा मेल आला, वडील गेले. पाच महिने आजारी होते. हा रात्री दवाखान्यात झोपायचा आणि सकाळी तिथल्याच जिन्यात बसून कॉल घ्यायचा. आणि मी त्याला एकदा म्हटलं होतं, ‘मागे फार आवाज येतोय, म्यूट कर ना.’ अजूनही आठवलं की जीव कासावीस होतो. ऑफिसात असतो तर निदान त्याचा न उघडलेला डबा तरी दिसला असता.

घरून काम सोलापूरला नवं नाही. आमच्या गल्लीत बायका पिढ्यानपिढ्या विड्या वळतात. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, घरी वळायच्या, हजाराच्या हिशेबानं मजुरी. मजुरी तुटपुंजी, तंबाखूनं खोकला, त्या कष्टांचं मला कौतुक करायचं नाही. पण दुपारी त्या एकेकट्या बसत नाहीत. मांडीवर सूप घेऊन चार-पाच जणी एकाच ओट्यावर. बोटं पान गुंडाळतात, दोरा बांधतात, आणि तेलुगू-मराठीत कुणाची सून, कुणाचा गुडघा, नळाला पाणी कधी येणार, सगळं चाललेलं असतं. परवा एक अक्का दिसल्या नाहीत, तर दुसरीनं लगेच पोराला पिटाळलं, ‘बघून ये रे, ताप उतरला का तिचा.’

मी मॅनेजरना सरळ म्हटलं, गुरुवारी चार वाजता अर्धा तास द्या, कामाच्या वेळेतला. कामाचं बोलायचं नाही, सक्तीचे खेळही नकोत. त्यांनी दिला. पहिले दोन गुरुवार नुसती शांतता. तिसऱ्याच्या आधी मी सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगा चटणी कुरिअरनं पाठवली. नाशिकच्या मित्रानं भाकरी मोडली, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. म्हणाला, ‘बाबा भाकरी अशीच दुधात चुरून खायचे.’ मग वीस मिनिटं तो वडिलांबद्दल बोलला. मध्ये कुणी बोललं नाही.

कंपन्या खुर्चीला पैसे देतात, नेटचं बिल देतात. हा अर्धा तासही त्यांनी कामातच धरावा. नव्यानं लागलेल्या पोरांसाठी तर नक्कीच, अडलं तर कुणाला विचारावं हेही त्यांना ठाऊक नसतं.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडे माझ्यासारखे घरून काम करणारे आहेत. रविवारी सकाळी सात वाजता मी सिद्धेश्वर तलावावर फिरायला असते. ओळख नसली तरी या की.