तोंडात खर्रा, अन् शिकवण स्वच्छतेची

तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, भरलेल्या माणसानं दुसऱ्याला स्वच्छतेवर बौद्धिक द्यावं का, एवढंच मला सांगा.

आज सकाळी पावणेसहा. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमच्या कुत्र्यानं, गोलूनं, आपला कार्यक्रम उरकला. मी वाकलो, पिशवी हातावर उलटी चढवली, सगळं उचललं, गाठ मारली. म्हणजे पुरावा माझ्या हातात लोंबत होता! तेवढ्यात मागून एक काकाजी. पांढरेशुभ्र बूट, गालाचा फुगा, हनुवटी आभाळाकडे, कारण मान खाली केली की रस सांडणार. "ओ भाऊ, इथं लोकं फिराले येते ना. काहून घाण करून राहिले?" हे मला तिसऱ्यांदा समजलं. आधी दोनदा नुसतं गुळण्या केल्यासारखं "उंऽ उंऽ" आलं. मी पिशवी दाखवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, बाजूला वळले आणि फूटपाथच्या सिमेंटच्या गट्टूवर अशी पिचकारी मारली, की गोलू दोन पावलं मागं सरकला. मग खर्ऱ्याची रिकामी प्लास्टिकची पन्नी तिथंच सोडली आणि म्हणाले, "आजकाल लोकाइले सिव्हिक सेन्सच नाही राहिला."

ती पन्नी मी उचलली. दुसरी पिशवी नव्हती, म्हणून गोलूच्या पिशवीची गाठ सोडावी लागली. त्या क्षणाबद्दल जास्त बोलत नाही.

बरं, हा गोलू! एक्केचाळीस किलोचा लॅब्राडॉर, घरात प्रेशर कुकरच्या शिट्टीवर भुंकतो. तिथं मात्र काकाजींचे बूट हुंगत शेपूट हलवत होता. फितूर.

आणि काकाजी एकटे नाहीत. चौघी हातात हात घालून रस्ताभर पसरून चालतात, त्यांना घंटी वाजवून हटवायचं का? कमरेला स्पीकर लटकवून अख्ख्या सिव्हिल लाईन्सला भजन ऐकवणारे? चालायला येताना कार आणून ती नेमकी फूटपाथवर लावणारे? गट्टू बसवणाऱ्यानं तर प्रत्येक तिसरा गट्टू हलता ठेवलाय. पावसाळ्यात पाय ठेवला की पिचकारी थेट पोटरीवर. तीही पिचकारीच!

वरून म्हणतात, उशिरा फिरायला जा ना. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ भाजत्या दिवसांत? आठ वाजता सिमेंट रोडवर तळहात पाच सेकंद टेकवून बघा, मग कुत्र्याला बूट का नाहीत ते विचारा. रात्री आठलाही तो रस्ता तव्यासारखाच असतो.

कुत्र्याशिवाय जावं तर वेगळंच. "आज गोलू नाही आला? बरा आहे ना?" पाच जणांनी विचारलं. माझी तब्येत कोणी विचारली नाही. त्यात ज्या चौकातली कुत्री गोलूसमोर शेपूट घालतात, ती मला एकटा पाहून पिक्चरमधल्या गुंडांसारखी उठतात.

आणि ही दहा हजार पावलं! १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. डॉक्टरनं नाही, विक्रेत्यानं ठरवलेला आकडा. आणि मी रात्री साडेअकराला हॉलमध्ये चकरा मारून उरलेली पावलं भरतोय, गोलू सोफ्यावरून बघतोय.

घरी येऊन हे सगळं तावातावानं सांगितलं. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "मग तुम्ही काय बोलले त्यांना?"

मी म्हणालो, "सॉरी काकाजी."

हो. पन्नी उचलली आणि सॉरी म्हणालो. वरचे सगळे सडेतोड डायलॉग मला घरी, दुसऱ्या प्लेट तर्री-पोह्याच्या वेळी सुचले. चालणं झालं तीन हजार एकशे पावलं, पोहे दोन प्लेट. शेवटी तर्री वाढवून मागितली, तेवढी हिंमत मात्र दाखवली.

उद्या काकाजींना सरळ तोंडावर सांगणार आहे. नाहीतर साडेपाचलाच जाऊन येतो.