मामा त्या रविवारी बोलले नाहीत

फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाल्याची बातमी आली आणि इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये माझा फोन सकाळपासून वाजत राहिला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या आतेभावाने लिहिलं, 'भर चौकात लटकवा.' त्याखाली अंगठ्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की आधी खटला तरी उभा राहू दे, आणि फाशीने काही सुटतं असं मला वाटत नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं : 'ताई, तू सेवादलवाल्यांच्या घरात वाढलीस. समाजवाद्यांना गुन्हेगारांचा पुळका असायचाच.'

पुण्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गंमत म्हणजे आमच्याकडची मंडळीही ते जवळजवळ मान्य करायची, फक्त 'पुळका'च्या जागी 'करुणा' म्हणायची. समाजवादी आहे म्हणजे फाशीच्या विरोधात असणारच, हे दोन्हीकडे गृहीत.

माझ्या घरापासून ट्रामने थोड्या अंतरावर, झ्यूडफोरश्टाट नावाच्या झाडांच्या, कॅफेंच्या वस्तीत, एका जुन्या तुरुंगाचं दार आहे. रस्त्याचं नाव आर्न्टश्ट्रासे. बाजूने मुलं सायकलवर शाळेत जातात. 1960 पासून सगळ्या पूर्व जर्मनीची फाशी (शब्द आपला, दोर तिथे नव्हता) या दाराआड होत असे. 1968 पर्यंत गिलोटिन, पुढे मागून डोक्यात एक गोळी. एकूण 64 माणसं. वर्षातून मोजक्या दिवशी ती जागा बघायला उघडतात. मी एकदा गेले, पुन्हा जाईन असं वाटत नाही. खोली अगदीच साधी आहे, आपल्याकडच्या रेशन ऑफिसच्या मागच्या खोलीसारखी.

तिथला शेवटचा माणूस म्हणजे वेर्नर टेस्के. श्टाझीचाच, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचाच कॅप्टन, अर्थशास्त्राचा डॉक्टर. पश्चिमेत पळून जायचं मनात होतं, घरी कागद नेऊन ठेवले होते, पैशांचीही अफरातफर केली होती. पण पळाला नव्हता, कागद कोणाला दिले नव्हते. 26 जून 1981 ला त्याला मारलं, तेही गुपचूप. लोकांच्या संतापाला उत्तर म्हणून वगैरे काही नाही, कारण लोकांना पत्ताच नव्हता. स्वतःला कामगार-शेतकऱ्यांचं म्हणवणारं हे राज्य होतं. 1987 मध्ये त्यांनी देहदंड रद्द केला, आणि दोनच महिन्यांत त्यांचे प्रमुख होनेकर पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनला भेटीवर गेले. आता याला करुणा म्हणायचं की कपड्यांना इस्त्री, हे ज्याचं त्याने ठरवावं.

टेस्के गेला त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिसमध्ये मितराँच्या समाजवादी सरकारचे न्यायमंत्री रोबेर बादँतेर संसदेत उभे राहिले आणि गिलोटिन रद्द करा म्हणाले. देशातले बहुसंख्य लोक तेव्हा फाशीच्या बाजूने होते. विधेयक 363 विरुद्ध 117 मतांनी पास झालं. दोन्हीकडे समाजवाद हाच शब्द, आणि मध्ये तीन महिनेसुद्धा नाहीत.

म्हणून आतेभावाचं म्हणणं मला इतिहास म्हणून पटत नाही, आणि आमच्याकडच्यांचंही नाही. रशियात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, सत्ता घेताच 1917 मध्ये देहदंड रद्द केला आणि वर्षाच्या आत परत आणला. स्तालिननेही 1947 मध्ये रद्द केला होता, 1950 मध्ये पुन्हा लागू केला. उलट बाजूही बघा. पश्चिम जर्मनीच्या घटनेतलं 102 वं कलम एका ओळीचं आहे : देहदंड रद्द झाला आहे. ते मुळात सुचवलं एका कट्टर उजव्या पक्षाच्या माणसाने, झेबोमने, आणि त्याचा डोळा फासावर चढणाऱ्या नाझी गुन्हेगारांना वाचवण्यावर होता असं बरेच इतिहासकार मानतात. सोशल डेमोक्रॅट्सनी ते उचलून धरलं आणि आज ते सगळ्या देशाचं आहे. ती घटना 23 मे 1949 ची. त्यानंतर अकरा दिवसांनी दिल्लीत, आपल्या घटना समितीत, बाबासाहेब म्हणत होते की फाशीवरच्या अपिलांची वेगळी सोय करण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. त्यांच्या त्या वाक्याचं पुढे काही झालं नाही.

तत्त्वज्ञान कोणतं, यावरून माणूस फाशीबद्दल काय करील हे कळत नाही, असं मला इथे राहून वाटू लागलं आहे. शत्रूच्या सरकारने दिलेली फाशी थांबवायला सगळेच तयार असतात. स्वतःचं सरकार असताना, किंवा स्वतःच्या दाराला कडी लावून बसायची वेळ आलेली असताना माणूस काय म्हणतो, ते बघायला हवं.

कडीवरून मामांची गोष्ट. 1976 मध्ये, आणीबाणीत, मामा मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. नव्या पेठेत मामी दोन लहान मुलांना घेऊन एकट्या, आणि शहरात जोशी-अभ्यंकर खून चाललेले. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा माणसं मारली, त्यांतली बहुतेक घरात शिरून, गळा आवळून. करणारी टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातली पोरं निघाली, पण ते खूप नंतर कळलं. तोवर दिवेलागणीला दारं बंद. दूधवाल्यालासुद्धा मामी खिडकीतून आधी बोलायला लावायच्या, आवाज ओळखीचा वाटला की मगच कडी काढायच्या. मामा आत, सुरक्षित, बायकोमुलं बाहेर. ही विचित्र उलटापालट त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही.

27 नोव्हेंबर 1983, रविवार. त्या खुनी पोरांपैकी चौघांना येरवड्यातच फाशी दिली. मी नऊ वर्षांची होते. मामा, ज्यांनी आयुष्यभर फाशीच्या विरोधात भाषणं केली, ते त्या दिवशी पेपर वाचून घडी घालून बसले. कोणीतरी निषेधाच्या पत्रकावर सही मागायला आलं, तर मामींनी सांगितलं, ते झोपलेत. ते झोपले नव्हते.

आतेभावाला मी हे लिहिलं नाही. त्याला पौड रस्त्याची आठवण करून दिली, कारण तो कोथरूडचा. 1994 मध्ये तिथल्या एका घरात सात जणांची हत्या झाली. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये कायम केली. आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाने, शाळेच्या दाखल्यावरून, दोषींपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे मान्य करून त्याला सोडलं. 28 वर्षं आत काढून. निकालाच्या उत्साहात त्याला लटकवलं असतं, तर तो दाखला कोणाला दाखवायचा होता? आतेभावाने निळ्या बरोबरच्या खुणा दिल्या, उत्तर दिलं नाही.

परवा मामांना फोन केला. वय पंच्याऐंशी, ऐकू कमी येतं. म्हटलं, ''मामा, त्र्याऐंशी साली तुम्ही सही का केली नाहीत?''

बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, ''बरं वाटलं होतं गं मला. ती पोरं गेली, बरं वाटलं. ते कुठे बोलणार होतो?''

''आणि आज पत्रक आलं तर?''

''सही करीन. पण खाली लिहीन, तेव्हा मला बरं वाटलं होतं म्हणून.'' मग मामींना हाक मारून त्यांनी टीव्ही बारीक करायला सांगितला, आणि मला विचारलं, तिकडे बर्फ थांबला का.