चालू गाडीची बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चेक करू नका!

जुन्या मारुती ८०० वाल्यांमध्ये अल्टरनेटर (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासायचा एक मेसेज परत फिरायला लागलाय. 'गाडी चालू करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर अल्टरनेटर ओके, बॅटरी बदला. हॉर्न जोरात वाजला म्हणजे बॅटरी चांगली. उतरली असेल तर दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, फुल होते.' तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि पहिली तर धोक्याची, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वायर काढायची युक्ती डायनॅमोच्या (अल्टरनेटरच्या आधी असायचा, थेट डीसी वीज देणारा) काळातली आहे, तेव्हा उडायला डायोडच नव्हते. ८०० ला अल्टरनेटर आहे, तो एसी बनवतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात, आणि त्याचा वरखाली होणारा व्होल्टेज बॅटरी आवरून धरते. चार्जिंग चालू असताना वायर ओढली की रेग्युलेटरला (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) सावरायला वेळ मिळत नाही, क्षणभर व्होल्टेज उसळतो, कधीकधी पार शंभरच्या घरात. मग डायोड जातील की रेग्युलेटर, की एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) मॉडेल असेल तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), काही सांगता येत नाही. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि वायर काढताना ठिणगी पडते, तीही आपलं तोंड बॅटरीच्या अगदी वर असताना.

बरं, एवढं करून उत्तर तरी बरोबर मिळतं का? नाही. नुसतं इंजिन चालू ठेवायला करंट फार लागत नाही, मरतुकडा अल्टरनेटरही तेवढा देतो. माझ्या कार्बोरेटरवाल्या ८०० वर एका गॅरेजमध्ये हेच केलं, गाडी चालू राहिली, मला नवीन बॅटरी घ्यायला लावली, आणि पंधरा दिवसांत कसारा घाटात भर पावसात हेडलाइट पिवळे पडत गेले, वायपर काचेवर अर्ध्यातच रेंगाळायला लागला, पोरं मागे बसलेली. नंतर मीटर लावला तर लाइट लावून, रेस देऊनही १२.३ व्होल्टच, म्हणजे चार्जिंग होतच नव्हतं. अल्टरनेटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजले होते.

खरी टेस्ट चारेकशे रुपयांच्या मल्टीमीटरने होते, एकही वायर न काढता. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि पिना बॅटरीच्या प्लस-मायनसवर टेकवा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारायच्या आधी बघा: १२.६ च्या वर असेल तर फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास उतरलेली. 'बारा दाखवतोय म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी बरोबर' असं समजू नका. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, आकडा ९.६ च्या खाली जायला नको. सकाळी १२.६ असून सेल्फला ८ वर येत असेल तर बॅटरी गेली. गाडी चालू झाल्यावर थोडी रेस देऊन १३.८ ते १४.५ पाहिजे, आणि हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावूनही साडेतेराच्या खाली उतरायला नको. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बघा, तो बॅटरीचं पाणी आटवतोय. चढतच नसेल तर आधी गाडी बंद करून अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का ते दाबून बघा, मग चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का ते, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो.

हॉर्नचं म्हणाल तर हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभरच्या आसपास किंवा जास्त लागतात, म्हणून हॉर्न जोरात वाजला तरी बॅटरी चांगली असेलच असं नाही.

आणि दहा मिनिटांचा साधा हिशोब करा. ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, अर्धी उतरली तर सतरा-अठरा भरायचे. आयडलला बॅटरीत दहा अँपिअर जातात असं धरलं तरी दहा मिनिटांत दोनसुद्धा भरत नाहीत! सरळ चार्जरला लावा रात्रभर.

अजून एक, हे तर कोणीच सांगत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारायला सांगा. जवळपास शून्य यायला पाहिजे. शेजारच्या काकांच्या गाडीत १.४ व्होल्ट आला. क्लॅम्पच्या आत पांढरी-हिरवी पावडर साचली होती, वरून काही दिसत नव्हतं. गाडी बंद करून क्लॅम्प काढला, गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपर मारला, वर व्हॅसलिन लावलं. काका दुसऱ्या दिवशी नवीन बॅटरी आणणार होते, ती जुनीच अजून चालतेय.